बाणकोट कुणी दिले

५ मार्च २०२३, रविवार

खेडच्या गोळीबार मैदानावर आज उद्धव ठाकरे यांची सभा झाली. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारीला शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या बाजूला दिले, त्यानंतरची ही सभा. लोट्यातून दुपारपासून गाड्या भरून सुटत होत्या.

भावोजी रात्री उशिरा आले ते घसा बसवूनच. ताट वाढताना मी विचारले, "गेल्या जूनमध्ये नेमके कशावरून फुटले हो हे?"

"कशावरून म्हणजे? खोके, वैनी. गद्दार आहेत ते."

मागाहून दादाचा फोन आला. दादा माझ्याच कंपनीत प्लँटवर असतो आणि शिंद्यांच्या बाजूचा आहे. त्यालाही तेच विचारले. "गद्दारी कसली? उठाव होता तो. बाळासाहेबांच्या विचारांसाठी."

दोघेही मनापासून बोलतात, म्हणूनच मला काळजी वाटते. सुरतेहून गुवाहाटीपर्यंत आमदार का गेले, हे विचारले की एकेक शब्द येतो आणि त्या शब्दापाशी बोलणे थांबते. जणू कारण सांगून झाले.

८ मार्च, बुधवार

पालखी वाडीत आली. मुंबईचे चाकरमानी आलेले, खालू बाजा, सारवलेली अंगणे, ओटी भरायला बायकांची रांग. पालखीला खांदा कुणी द्यायचा यावरून थोडी कुरबुर दर शिमग्याला होते, ती मानापानाची. यंदा एक पोर दुसऱ्याला म्हणाले, "तू खोकेवाला, मागे हो." दुसरा म्हणाला, "मशालवाल्यांनी शिकवू नये." दोघे चुलतभाऊ. एकाची कॉलर फाटली. गुरवकाका मध्ये पडले म्हणून तेवढ्यावर भागले.

मग त्यांनी देवीपुढे गाऱ्हाणे घातले. वाडीतल्या कुणाचे नाव न घेता सगळ्यांसाठी घातले.

१० मार्च, शुक्रवार

आज तिथीप्रमाणे शिवजयंती. नाक्यावर दोन फलक, दोन्हींवर महाराज, आणि खालच्या चेहऱ्यांत एकही समान नाही. घरी येऊन सरदेसायांची 'रियासत' काढली. महाराजांच्या आरमाराचे शेवटी काय झाले ते पुन्हा वाचायचे होते.

आपल्या कोकणातले सगळ्यांत दुखरे घरचे युद्ध तुळाजी आंग्र्यांचे. कान्होजींचा हा मुलगा. १७४२ मध्ये संभाजी आंग्रे वारल्यावर सरखेलीची, म्हणजे आरमारप्रमुखाची, वस्त्रे त्याला मिळाली आणि सुवर्णदुर्गापासून विजयदुर्गापर्यंतचा किनारा त्याच्या हाती आला. मुंबईकर इंग्रज त्याला चाचा म्हणत, कारण त्याचे दस्तक न घेता जाणारी जहाजे तो धरी. पुणे दरबारच्या लेखी तो बंडखोर आणि पुंड. ब्राह्मणांना छळतो, हाही आरोप होता. इंग्रज इतिहासकार ऑर्म लिहितो की, खंडणी मागायला आलेल्या मराठ्यांच्या वकिलांची नाके आंग्र्याने कापली. तुळाजीचे म्हणणे काय, हे सांगणारे कागद त्या मानाने फार थोडे.

शब्द बाजूला ठेवले की भांडण स्वच्छ दिसते. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज वारले. आंग्रे छत्रपतींचे सरखेल. आता त्यांनी पेशव्यांचे ऐकायचे की नाही? वसूल कुणाकडे भरायचा? समुद्रावर दस्तक कुणाचे चालायचे? हे तीन प्रश्न खरे होते आणि तिन्हींवर दोन्हीकडे बोलण्यासारखे होते. तुळाजीही काही साधा नव्हता. सावंतवाडीकरांशी आणि शेजारच्या सरदारांशी त्याने उभा दावा मांडला होता. पण पुंड म्हटले की त्याच्याशी बोलणी कशाला करायची? पुंडाचा बंदोबस्त करायचा असतो.

तो असा झाला. मार्च १७५५ मध्ये पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव यांनी मुंबईच्या इंग्रजांशी तह केला. समुद्रावर इंग्रज, जमिनीवर पेशव्यांची फौज. किल्ले पेशव्यांचे, आणि मोबदला म्हणून बाणकोट इंग्रजांना. एप्रिलमध्ये इंग्रज कमोडोर जेम्सच्या जहाजांनी हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तुळाजी तहाचे बोलायला पेशव्यांच्या छावणीत गेला तो कैदच झाला, आणि मरेपर्यंत सुटला नाही. बंदरात आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून धरलेले 'रिस्टोरेशन' नावाचे जहाज उभे होते. तोफगोळ्याने आधी ते पेटले, आणि त्याची आग शेजारच्या जहाजांना लागत लागत सगळे आरमार जळाले. किल्ल्यातली दहा लाखांच्या घरातली लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. विजयदुर्ग पेशव्यांच्या ताब्यात द्यायलाही त्यांनी ऑक्टोबरपर्यंत लावले, तेही नवा तह करून.

पेशव्यांनी आरमार बुडवले, असे आजही सभांतून ऐकू येते, आणि जातीच्या हिशेबाने टाळ्या पडतात. उलट बाजूने तुळाजी पुंडच होता, हेही तितक्याच त्वेषाने सांगतात. दोन्ही वाक्ये १७५५ च्याच भाषेत अडकली आहेत. बाणकोट आपल्या मंडणगड तालुक्यात. खाडीच्या तोंडावरचा तो किल्ला आपण होऊन परक्याला लिहून दिला, त्या कागदावर सही करताना कुणाच्या मनात काय होते, हे कोण विचारतो?

१२ मार्च, रविवार

मुलांना घेऊन गोवळकोटला गेले. परशुराम घाटात चौपदरीकरणाचा धुरळा. विसाव्यापाशी गाडी थांबवून मुलांना खालची वाशिष्ठी दाखवली. नदीच्या वळणात ती टेकडी दिसते. वर रेडजाई देवीचे देऊळ, पुढे बुरूज. थोरल्याने एका तोफेच्या तोंडात हात घातला आणि खांद्यापर्यंत गंज लावून घेतला.

तिथेच बसून त्यांना हत्तीची गोष्ट सांगितली. जंजिरेकर सिद्दीचा सरदार सिद्दी सात याच्याकडे अंजनवेल आणि गोवळकोट होते. त्याच्यासाठी सावनूरकडून येणारा हत्ती वाटेत आंग्र्यांच्या माणसांनी धरला. परशुरामच्या ब्रह्मेंद्रस्वामींनीच हे घडवले, असा सिद्दी सातला संशय आला आणि १७२७ च्या महाशिवरात्रीला, ऐन उत्सवात, त्याने परशुरामावर धाड घातली. देवस्थान लुटले, ब्राह्मणांना मारहाण केली. स्वामी कोकण सोडून साताऱ्याकडे धावडशीला गेले आणि तिथून शाहू महाराज, बाजीराव, आंग्रे सगळ्यांच्या मागे लागले. १७३३ मध्ये मोहीम निघाली, १७३६ मध्ये रेवसजवळ चिमाजी अप्पांनी सिद्दी सातला मारले.

धाकटी म्हणाली, "मग युद्ध हत्तीमुळे झाले?"

हत्तीमुळे झाले नाही आणि नुसते धर्मासाठीही झाले नाही. रायगड तेव्हा सिद्दीकडे होता, खाड्यांचा वसूल त्याच्याकडे जात होता. देवळाचा अपमान खरा होता, त्याचा संताप खरा होता, आणि रायगडाचा हिशेबही खरा होता. तिला एवढे सांगितले.

पण तिथे बसून मला दुसरेच सुचत होते. एवढी मोहीम होऊनही गोवळकोट आणि अंजनवेल सिद्दीकडेच राहिले. ते जिंकले १७४५ मध्ये, तुळाजी आंग्र्यांनी. अंजनवेलला गोपाळगड आणि गोवळकोटला गोविंदगड ही नावे तेव्हाची. परशुरामाच्या पायथ्याचा सिद्दी ज्याने उठवला, त्यालाच दहा वर्षांनी ब्राह्मणांचा वैरी म्हणून बुडवले. घाटाच्या वर देऊळ आणि खाली त्याचा किल्ला, एका नजरेत दोन्ही दिसतात.

१७ मार्च, शुक्रवार

सत्तासंघर्षाची सुनावणी काल संपली. सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल राखून ठेवला. कँटीनमध्ये पेपर सगळ्यांच्या हातून फिरला. तिथला वाद कशावर चालला होता ते पाहावे: दहावी अनुसूची, व्हिप कुणाचा, विधिमंडळ पक्ष म्हणजेच राजकीय पक्ष का, राज्यपालांना बहुमत चाचणी सांगण्याइतके कारण होते का, आणि चाचणीला सामोरे न जाता दिलेला राजीनामा. यातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर असू शकते. निकाल काहीही लागो. 'गद्दार' आणि 'उठाव' यांना उत्तर नसते, फक्त आणखी मोठा आवाज असतो.

१९ मार्च, रविवार

खेडच्या त्याच गोळीबार मैदानावर आज मुख्यमंत्री शिंदे यांची सभा. दादा गेला. घसा त्याचाही बसला.

२२ मार्च, बुधवार

पाडवा. दादा-वहिनी जेवायला. श्रीखंड वाढायच्या आधी मी अट घातली: खोके, गद्दार, मिंधे, उठाव, विचार, हिंदुत्व यांपैकी एकही शब्द न काढता भांडणाचे कारण सांगायचे. भावोजी हसले, दादाने तोंड वाकडे केले, पण दोघे बसले.

दादा आधी बोलला. २०१९ मध्ये ज्यांच्याविरुद्ध मते मागितली त्यांच्याबरोबर सरकार झाले. मतदारसंघात ज्यांना पाडले, निधी त्यांच्या हाती. मुख्यमंत्र्यांची भेट मिळत नव्हती. भावोजी म्हणाले, भेट मिळत नव्हती हे आम्हीही बोलत होतो. मग त्यांनी आपले सांगितले. ईडीच्या चौकशा मागे लागलेले काही जण होते; मंत्रिपदे दिसत होती; दिल्लीचे पाठबळ होते; आणि तक्रार असेल तर राजीनामा देऊन पुन्हा लोकांपुढे जाता आले असते. दादा बराच वेळ पोळी मोडत राहिला. "चौकशीला भ्यालेले काही होते, हे मी नाकारत नाही," म्हणाला. "पण सगळे नव्हेत." बाहेरचा हात कुणी आधी धरला, यावर मात्र जुंपली. एकाला २०१९ दिसते, दुसऱ्याला २०२२. मी मध्ये पडले नाही. तो वाद निदान तारखांचा आहे.

सासूबाई ऐकत होत्या. त्यांचे माहेर दाभोळ खाडीवरचे, भोयांचे. त्या म्हणाल्या, "एवढी कारणे मांडलीत, त्यात आमच्या खाडीचे एक नाही. मासळी गेली त्याला किती वर्षे झाली? कारखान्यांच्या सांडपाण्याचे कागद घेऊन माझा भाऊ सगळ्यांच्या दारात गेला. तेव्हा तुमचे दोघांचे एकच होते."

भावोजींनी ताटातला हात थांबवला. दादा म्हणाला, "मामांकडे ते कागद आहेत का अजून?"

आहेत, असे त्या म्हणाल्या. रविवारी दोघे मिळून दाभोळला जायचे ठरले आहे. गाडी दादाची.