भित्र्या भटजींचं पुस्तक

शूरवीरांची आणि थोरांची चरित्रं मी लहानपणापासून वाचत आले. शाळेच्या बक्षीस समारंभात तीच मिळायची. वाचताना ऊर भरून यायचा आणि पुस्तक मिटलं की मी होते तिथेच. ही माणसं वेगळ्या मातीची, आपलं ते काम नव्हे, एवढंच त्यातून मनावर ठसायचं. पुढे मीना प्रभूंची प्रवासवर्णनं अधाशासारखी वाचली. पण त्या लंडनला राहणाऱ्या डॉक्टर आणि मी पेण तालुक्यातल्या प्राथमिक शाळेतली बाई. त्यांचं मेक्सिको वाचून मी फार तर अलिबागला जायचे, तेही सगळ्यांचे डबे भरून.

माझं स्वप्न काही मोठं नव्हतं. एकदा तरी एकटीने लांब उत्तरेत जावं, कुणाच्या चहाची वेळ न सांभाळता. यांना प्रवासाचा कंटाळा, आणि ट्रॅव्हल कंपनीच्या बसमधून शिट्टी वाजली की चढायचं, हे मला नको होतं. पण रात्रीची गाडी, अनोळखी लॉज, आजारी पडले तर काय, ह्या सगळ्याची भीती होती. आणि त्याहून जास्त भीती होती ती ‘एकटीच?’ ह्या प्रश्नाची.

गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ हातात आलं ते गावच्या वाचनालयात. खरं सांगायचं तर उचललं ते भटजी वरसईचे म्हणून. वरसई आमच्याच तालुक्यात. एसटीच्या पाटीवर ते नाव रोज दिसायचं, पण तिथला एक भिक्षुक १८५७ साली चालत उत्तरेत गेला होता, हे मला ठाऊक नव्हतं.

हे विष्णुभट गोडसे तेव्हा तिशीच्या आसपासचे. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, अशी बातमी आली आणि काकांना बरोबर घेऊन ते निघाले. महूच्या वाटेवर पलटणीतल्या शिपायांनी त्यांना सांगितलं, की बंड उठणार आहे, मागे फिरा. काका-पुतण्यांनी विचार केला आणि ते पुढेच गेले! मी इथे पुस्तक खाली ठेवलं. मी असते तर पहिली एसटी पकडून पेण गाठलं असतं.

ह्या माणसात शौर्य औषधालाही नाही, आणि असल्याचा आवही नाही. मार्च १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या तोफा झाशीवर सुरू झाल्या तेव्हा भटजी शहरात होते. एप्रिलच्या सुरुवातीला तट पडला, लूट सुरू झाली, तेव्हा ते जीव मुठीत धरून लपून बसले. जवळची पुंजी गोऱ्या सोजिरांनी काढून घेतली. आपण किती भ्यालो, हे ते काही न लपवता सांगतात. आणि तरी पुढे काळपी, चित्रकूट, काशी करत, गंगेची कावड खांद्यावर घेऊन वरसईला परततात आणि आईवडिलांना गंगेचं स्नान घालतात. पैसे गेले, पण कावड आली.

हे वाचल्यावर मी माझी भीती जाण्याची वाट बघणं सोडलं. भटजींची कुठे गेली होती? दिवाळीच्या सुट्टीतलं पंजाब मेलचं तिकीट काढलं, कल्याण ते झाशी, खालचा बर्थ. घरी तिकीट काढल्यावरच सांगितलं. हे म्हणाले, ‘‘अगं, पण झाशीला आहे कोण आपलं?’’ सासूबाईंनी मात्र यांच्याकडेच पाहिलं. ‘‘जाऊ दे रे तिला. आम्ही काशीला जायचं जायचं म्हणत राहिलो, ते राहूनच गेलं.’’

कल्याणच्या फलाटावर पोटात अक्षरशः गोळा आला. बॅगेची साखळी बर्थखालच्या कडीत अडकवताना हात इतके थरथरत होते, की किल्ली खाली पडली. समोरच्या सरदारजी आजोबांनी ती उचलून दिली आणि नेमकं तेच विचारलं, ‘‘बेटी, अकेली हो?’’ मी ‘‘हां जी’’ म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि चादर ओढून घेतली. ज्या प्रश्नाला मी इतकी वर्षं भ्याले, तो तेवढ्यात आटोपला. घाबरणं मात्र आटोपलं नाही. नाशिकला उतरून परत फिरावं, असं इगतपुरीच्या घाटात ठरवत होते. नाशिक रोड आलं, गेलं, मी बसूनच होते. भुसावळनंतर कधीतरी डोळा लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी झाशी. स्टेशनचं नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी आहे, रिक्षावाले अजून झाशीच म्हणतात.

किल्ल्यात कडक बिजली तोफ आहे, राणीने घोड्यावरून जिथून उडी घेतली म्हणतात ती जागा आहे, तिथे फोटोसाठी ही गर्दी. मी तटावरून खालच्या दाट वस्तीकडे बराच वेळ बघत होते. सगळे राणीला शोधत होते आणि मी भटजी कुठल्या बोळात लपले असतील, ते शोधत होते. असली चैन सहलीच्या बसमधून परवडत नाही. संध्याकाळी लॉजच्या खोलीच्या दाराला आतून खुर्ची टेकवून ठेवली. शहाणपण म्हणा नाहीतर भित्रेपणा म्हणा, झोप छान लागली.

‘भीतीवर मात करा’ छापाची पुस्तकं हल्ली स्टेशनवरच्या स्टॉलवर ढिगाने असतात. माझ्यापुरतं सांगायचं तर त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. माझी भीती आहे तशी आहे आणि मे महिन्यातलं चित्रकूटचं तिकीटही काढून झालंय.

‘माझा प्रवास’ वाचायचं मनात आलं तर एक करा. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ते प्रथम छापलं खरं, पण मूळ मजकुरात पुष्कळ फेरफार करून. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून केलेली १९६६ ची आवृत्ती वाचनालयात मागून घ्या. भटजींची भीती त्यांच्याच बोलीत वाचायला हवी.