कळंबच्या पायऱ्या

गेल्या कार्तिकांत यवतमाळास काकांकडे जाण्याचा योग आला. वेंचणीचे दिवस, शेतें कापसानें पांढरीं झालेलीं. वाटेंत कळंबला चिंतामणीचें दर्शन घेतलें. तेथें पायऱ्या उतरून खालीं गेल्यावांचून देव भेटत नाहीं.

काका पंचाहत्तरीचे, सारी हयात टपालखात्यांत गेली. निवृत्तिवेतनासाठीं नोव्हेंबरांत हयातीचा दाखला द्यावा लागतो. 2014 पासून तो संगणकावरून देतां येतो. पण काकांचा झिजलेला अंगठा यंत्र ओळखीना. 2021 पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली. ती शिकविणार कोण? ग्रामीण जनतेस संगणक शिकविण्याच्या 2017 च्या सरकारी योजनेंतहि वयोमर्यादा 14 ते 60 होती. ज्यांस गरज अधिक, तेच वगळलेले!

नात म्हणाली, "आबा, आणा, मी करून टाकतें."

"नको. मी जिवंत आहें हें मलाच सांगूं दे. तूं शिकव."

दोनदां चेहरा जुळला नाहीं. तिनें त्यांना अंगणांत, उजेडांत बसविलें. तिसऱ्यांदां दाखला गेला. दुसऱ्या दिवशीं शेजारचे दोन वृद्ध ओसरीवर आले, आणि शिकवूं लागले काका!

घरोघरीं आपण वडिलांचें काम उरकून देतों. शिकवीत मात्र नाहीं. नातीपुढें विद्यार्थी होऊन बसलेले काका पाहिले, आणि कळंबच्या त्या पायऱ्या आठवल्या.