पर्जन्यछायेतला हिवाळा

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहा आहेत: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि मुंबईचे संजय गांधी. सहाही झाडांची. राज्याचा मोठा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, गवताळ माळ आणि काटेरी झुडपांत पसरलेला असूनही माळासाठी एकही राष्ट्रीय उद्यान नाही. शेजारच्या गुजरातने वेळावदरच्या गवताला तो मान १९७६ सालीच दिला. त्यामुळे पुण्यातून मोटारीने वाळवंट आणि दऱ्या पाहायला निघायचे म्हटले की पहिले नाव जैसलमेरचे निघते. पुण्याच्या धायरीतल्या घरीही तेच निघाले. हाताशी डिसेंबरातली चार दिवसांची रजा होती, जेवणाच्या टेबलावर नकाशा होता आणि जैसलमेरजवळचे डेझर्ट नॅशनल पार्क हजार किलोमीटरहून लांब होते. चारही दिवस जाण्यायेण्यातच गेले असते. नकाशावरचे बोट परत धायरीवर आणून पूर्वेकडे सरकवले, तेव्हा घरातून प्रश्न आला, ‘तिकडे बघायला काय आहे?’

तिकडे काय आहे याचे उत्तर पावसात आहे. धायरीच्या पश्चिमेला सिंहगडाची रांग आणि तिच्यामागे घाटमाथा. घाटमाथ्यावर काही ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुणे शहरात तो सातशेच्या आसपास येतो आणि कर्जत-करमाळ्याकडे पाच-सहाशेवर उतरतो. पुढच्या सीटवर बसून दोन-तीन तासांत हा उतार डोळ्यांनी दिसतो. आंबा-फणस मागे पडतात, बाभूळ, बोर, हिवर पुढे येतात, मातीचा थर पातळ होत जातो आणि शेवटी मुरमावर नुसते गवत उरते. दख्खनला वाळूचे वाळवंट नाही. त्याचे कोरडेपण गवतात आणि काळ्या दगडात आहे, आणि ते पाहायचे तर हिवाळाच हवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि माळ राखेसारखा होतो. डिसेंबरात पहाटे काकडायला होते, दुपारी सदरा नकोसा होतो, आणि मधल्या वेळात गवत पिकून सोन्याच्या रंगावर असते. मध्य आशियातून येणारे शिकारी पक्षीही याच महिन्यांत इथे उतरतात.

आखणी करताना दोन ठिकाणे गाळली. सांधण दरी मोलाची खरी, पण ती घाटमाथ्यावर आहे आणि पायी उतरायची आहे. भिगवणचे रोहित वाटेच्या जवळच होते. पण उजनी धरणाचे पाणी हा या प्रवासाचा विषय नव्हता, आणि कोरडा मुलूख पाहायला निघून पाण्याकाठी रमले की माळ पुन्हा दुय्यम ठरतो. उरले ते निघोज, रेहेकुरी आणि नान्नज.

निघोजला कुकडी नदीच्या दोन काठांवर दोन जिल्हे आहेत. एकीकडे अहिल्यानगरमधले निघोज, दुसरीकडे पुणे जिल्ह्यातले टाकळी हाजी, आणि दोन्हीकडे मळगंगेचे देऊळ. लांबून पाहता सपाट काळा खडक दिसतो, नदी दिसतच नाही. खडकावरून चालत गेल्यावर पायाशी एकदम खोल फट उघडते आणि तिच्या तळाशी हिरवे पाणी असते. फटीच्या दोन्ही अंगांना दगडात रांजण बसवल्यासारखे खळगे आहेत, म्हणून त्यांना रांजणखळगे म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसाल्ट. पुराच्या पाण्यात भोवरे होतात, भोवऱ्यात गोटे अडकतात आणि फिरत फिरत खालचा दगड घासत राहतात. शेजारशेजारचे खळगे रुंदावत एकमेकांना मिळाले की घळ तयार होते. काठावरच्या एका कोरड्या खळग्यात हात घातला तर तळाशी तीन गोटे सापडले, लिंबापेक्षा थोडे मोठे, तळहाताला थंड आणि तुळतुळीत. खळगा कोरणारी हत्यारे काम थांबल्या जागी पडून होती. ती तशीच परत ठेवली. शेजारच्या खळग्यात चहाचे कागदी पेले होते, ते मात्र वेचून आणावे लागले.

दुसरा दिवस रेहेकुरीत गेला. कर्जत तालुक्यातले हे काळवीट अभयारण्य १९८० सालचे, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचे. काळवीट पुष्कळ दिसले. जागा त्यांना अपुरी पडते हेही दिसले. कळप कुंपण ओलांडून ज्वारीत उतरत होता.

तिसऱ्या दिवशी करमाळ्याच्या अलीकडे रस्त्यात मेंढरे आडवी आली. गाडी थांबवून खाली उतरल्यावर कळपापलीकडे वाडा दिसला. धनगरांच्या बोलीत वाडा म्हणजे मुक्कामाचे सारे बिऱ्हाड: माणसे, मेंढरे, घोडी, कुत्री आणि कोंबड्यांची डाल. मेंढरे रात्री कोंडायची वाघर, म्हणजे दोरीचे जाळे, खुंट्यांवर वाळत होती. तीन दगडांच्या चुलीशी सत्तरीपलीकडची एक आजी घोंगडीवर बसलेली होती. रस्त्यावरूनच तिला नमस्कार केला, तर तिने हाताने बोलावलेच. ‘या, बसा. च्या घेतल्याबिगर जायाचं न्हाई.’

बहुतेक वाडे दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे जातात. हा मागे राहिला होता, कारण सुनेचे दिवस भरत आले होते. म्हातारा आणि थोरला मुलगा मेंढरांमागे होते, धाकटा औषधाला गावात गेला होता. आजीने आधी मेंढीच्या दुधाचा चहा दिला, दाट आणि जरा खारट चवीचा. मग जर्मनच्या पातेल्यातून हुलग्याचे माडगे, त्यात गूळ, आणि तव्यावरची बाजरीची भाकरी. थंडीत माडग्याचा पहिला घोट घशातून उतरतो तो थेट तळपायापर्यंत जातो. या प्रवासात हॉटेलांत जे जे खाल्ले त्यातले काहीच आता आठवत नाही.

‘कुठनं आलं म्हणायचं?’ आजीने विचारले.

‘पुण्याहून. धायरीहून.’

‘धायरी? शिंगडाच्या वाटंची?’ ती भाकरी थापता थापता थांबली. ‘तिथं मेंढरं बसवल्यात आमी. लगीन होऊन आले तवापासनं. माळ होता मोप. टेकाडाच्या अंगाला पवन्या, खाली मारवेल. आता गेलो तर वाटच सापडत न्हाई, समद्या बिल्डिंगी.’

मेंढरे बसवणे हा दख्खनच्या शेतीतला जुना करार आहे. कापणी झालेल्या रानात कळप रात्रभर कोंडायचा, लेंडी-मुताने जमीन खतवायची, आणि त्याच्या बदल्यात शेतकऱ्याने धान्य किंवा पैसे द्यायचे. दख्खनी मेंढी अंगाने काटक, लोकर राठ आणि बहुधा काळी. घोंगडी तिचीच. कळप पावसाळ्यात कोरड्या मुलखात राहतो आणि हिवाळ्यात पश्चिमेला सरकतो, म्हणजे पावसाचाच उतार तो उलट्या दिशेने चढतो. नकाशावर बोट सरकवून आखलेला धायरी ते करमाळा हा रस्ता आजीने आयुष्यभर दोन्ही दिशांनी चालून काढलेला होता. हे कळल्यावर पुढे काय पाहायचे याची घाई उरली नाही. दुपार तिथेच काढली.

आजीच्या बोलण्यात ‘गवत’ हा शब्द क्वचितच येत होता. येत होती ती गवतांची नावे. मारवेल गोड, तिच्यावर दूध वाढते. पवन्या आणि डोंगरी पावसाच्या ओढीतही तग धरतात. ‘कुसळी हिरवी आसंस्तवर खात्यात. फुलली की मग वैरीण. मेंढराच्या डोळ्यात शिरती, जिभंखाली शिरती.’ मांडीवरच्या कोकराच्या लोकरीतून ती बोलता बोलता कुसळे वेचत होती आणि चुलीत टाकत होती. गाडीतून उतरल्यापासून मोजेही कुसळांनी भरले होते. ते उपटताना आजी म्हणाली, ‘टाकू नगा, आणा इकडं.’

तिने एक कुसळ तळहातावर ठेवले. एका टोकाला टोकदार बी, मागे बोटभर लांब, दोरीसारखा पिळलेला तपकिरी केस, आणि पुढे कोनात वळलेली शेपटी. चुलीजवळच्या तांब्यात बोट बुडवून तिने त्यावर एक थेंब सोडला. क्षणभर काहीच झाले नाही. मग शेपटी घड्याळाच्या काट्यासारखी हलली, थांबली, परत हलली आणि गोल फिरू लागली. पीळ उलगडत होता. सुकल्यावर हाच पीळ पुन्हा बसतो. रात्री दव पडले की उलगडायचा, दिवसा उन्हाने आवळायचा, आणि प्रत्येक फेऱ्याला बी जमिनीत थोडे आणखी खुपसायचे, अशी ही रचना आहे. टोकाजवळच्या मागे वळलेल्या केसांमुळे आत गेलेले बी परत बाहेर येत नाही. मोज्यात शिरलेले कुसळ निघत नाही तेही याच केसांमुळे. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात याचे वर्णन मिळते. एका म्हाताऱ्या तळहातावर ते पाहण्यासाठी मात्र करमाळ्याला यावे लागले. पाच-सहा कुसळे अशी फिरवून पाहिली. आजीला त्यात नवे काही नव्हते. ‘थंडीत रोज पेरणी आसती माळाची,’ एवढेच ती म्हणाली.

लांडग्याचा विषय काढला तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. ‘नेतो की. वरसाला दोन-चार कोकरं नेतो. त्याला बी प्वाट हाय.’ राग होता तो दुसऱ्याच गोष्टीवर. तिने मनगटानेच दूरच्या उताराकडे खूण केली. तिथे तारेचे कुंपण होते, समांतर चर खणलेले होते आणि चरांच्या कडेला वाळून गेलेली रोपे उभी होती. ‘गवत उपटून झाडं लावली. दोन वरसं झाली. झाड बी न्हाई, गवत बी न्हाई. मेंढरं कुठं न्यायाची?’

तिचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे मूळ कागदावर आहे. इंग्रजी अमदानीतल्या महसुलाच्या हिशेबात ज्या जमिनीवर ना पीक ना इमारती लाकूड, ती पडीक ठरली. आजही देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांत असे माळ मोठ्या प्रमाणावर मोडतात. पडीक म्हटले की तिथे काहीही करता येते: ग्लिरिसिडिया लावता येतो, सुबाभूळ लावता येते, कारखाना काढता येतो. माळ हे उजाड झालेले जंगल नव्हे. इतक्या पावसात आणि इतक्या पातळ मातीत निसर्ग जे घडवतो ते हेच, आणि गवताचा बहुतेक जीव जमिनीखाली मुळांत असतो. चर खणला की आधी तोच तुटतो. झाड लावणे नेहमीच चांगले, ही शाळेपासूनची समजूत त्या उतारासमोर उभे राहिल्यावर टिकत नाही.

निघताना आजीने सुनेच्या हातून भाकरींची चवड फडक्यात बांधून दिली. पैसे घ्यायला ती तयार झाली नाही. ‘लेकरू झालं की साखर खायाला या,’ म्हणाली. वाडा तोवर कुठे असेल ते तिलाही ठाऊक नव्हते.

सोलापूर-बार्शी रस्त्यावरचे नान्नज हा शेवटचा टप्पा. माळढोक अभयारण्य १९७९ सालचे. सोलापूरचे पक्षीअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी या माळावरच्या माळढोकाकडे लक्ष वेधले होते. दुष्काळप्रवण क्षेत्र कार्यक्रमात चराई रोखलेल्या इथल्या तुकड्यांत गवत वाढले आणि पक्षी त्यात टिकून राहिला. अभयारण्याची मूळ हद्द मात्र ८,४९६ चौरस किलोमीटरची. तिच्यात सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतली गावेच्या गावे, शेते आणि बाजारपेठा आल्या. आजीचा वाडाही कधीकाळी त्याच कागदी हद्दीत पडला असता. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि ज्या पक्ष्यासाठी ती आली त्याच्याबद्दल लोकांच्या मनात अढी बसली. पुढे हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली, पण तोवर पक्षी जवळजवळ गेला होता.

माळढोक मीटरभर उंच असतो आणि नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते. समोरचे त्याला नीट दिसत नाही, म्हणून विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. राष्ट्रीय पक्षी म्हणून सलीम अलींनी त्याचे नाव सुचवले होते. १९६३ साली मान मोराला मिळाला. आज देशात रानातले माळढोक दीडशेच्या आसपासच उरले आहेत आणि जवळजवळ सगळे राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला. तिथे २०१९ पासून पिंजऱ्यात अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे काम चालू आहे. धायरीच्या टेबलावर जैसलमेरचे नाव आधी निघाले होते ते या अर्थाने योग्यच होते.

नान्नजला माळढोक दिसला नाही, आणि दिसेल या आशेने तिथे गेलेही नव्हते. चंडोल दिसले, धाविक दिसले, लांब उभा एक खोकड दिसला. सूर्य टेकायला आला तसे भोवत्या येऊ लागले. हे लांब पंखांचे सडपातळ शिकारी पक्षी गवतावरून हातभर उंचीने तरंगत येतात आणि रात्री झाडावर बसत नाहीत, गवतातच जमिनीवर उतरतात. त्यांना उंच, न चरलेले, न खणलेले गवत लागते. पहिला पश्चिमेकडून आला, दोन चकरा मारल्या आणि पाय खाली सोडून गवतात बुडाला. मग दुसरा, मग एकदम चार. एकवीसपर्यंत मोजले. त्यानंतर उजेड पुरला नाही. गाडीत आजीची भाकरी अजून मऊ होती. ती खाऊन सोलापूर रस्त्याला लागले, आणि मध्यरात्रीनंतर धायरी फाटा आला.