बिनपत्त्याचा आंकडा

आजोबांपुढें मांडी घालून पावकी, निमकी, दिडकी, औटकी म्हणण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला नाहीं, त्यांस तोंडी हिशेबाची खरी धास्ती कळावयाची नाहीं. आठांची औटकी विचारतांच "अठ्ठावीस" हें उत्तर आमच्या मुखांतून निघे. परंतु तें आलें कसें असें आजोबांनीं पुसलें, कीं आम्ही आढ्याकडे पाहूं लागूं. हिशेब दुसऱ्याच कोणीं तरी केव्हांच करून ठेविलेला. आमच्यापाशीं होतें तें केवळ उत्तर. पुढें उभा जन्म संगणकाचे प्रोग्राम लिहिण्यांत गेला, आणि हीच गांठ निराळ्या रूपानें आम्हांस पुन्हां पडली. त्या कथेंत आमची फजितीही आहे, तेव्हां वाचकांस ती रुचेल अशी आशा वाटते.

हल्लीं घरोघरीं एखादा मुलगा किंवा सून या धंद्यांत असतेच; तथापि वडील मंडळींकरितां दोन शब्द सांगणें अवश्य आहे. प्रोग्राम माणसानें लिहावयाचा, कंपायलरनें तो यंत्राच्या भाषेंत उतरावयाचा, आणि मग यंत्रानें चालवावयाचा. चालतांना कांहीं चुकलें तर डिबगर नांवाचें साधन असतें. तो चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवितो आणि "या नांवाची किंमत या क्षणीं काय?" या प्रश्नाचें उत्तर देतो. सामान्य नांवाची किंमत यंत्राच्या स्मृतींत कोठें तरी ठेविलेली असते. डिबगर पत्ता पाहतो, तेथें जातो आणि दिसेल तें सांगतो.

स्थिरांकाचें तसें नाहीं. सी प्लस प्लस भाषेंत २०११ सालच्या आवृत्तीपासून 'कॉन्स्टएक्सप्र' असा एक शब्द आहे. तो लावलेली मोजणी कंपायलर आधींच उरकून ठेवूं शकतो. प्रोग्राम चालूं लागतो तेव्हां हिशेब संपलेला असतो, आणि उत्तर यंत्राच्या आज्ञेंत मुरून गेलेलें असतें, जसें मीठ आमटींत. त्यास स्मृतींत जागा अशी पुष्कळदां दिलेलीच नसते. इतकेंच नव्हे, तर पूर्णांकास ३६५ नें भागावयाचें असल्यास कंपायलर बहुधा तो भागाकार, मंद म्हणून, टाळतो. त्याऐवजीं भल्या मोठ्या एका निराळ्याच आंकड्यानें गुणतो आणि गुणाकाराचा शेपटाकडील भाग सोडून देतो. मग यंत्राच्या आज्ञा कितीही निरखल्या तरी ३६५ त्यांत कोठेंच दिसावयाचा नाहीं. डिबगरनें त्यास हुडकावें तरी कोठें?

यावर तोड म्हणून कंपायलर जातां जातां एक टिपण मागें ठेवतो. त्या टिपणाच्या पद्धतीस ड्वॉर्फ म्हणतात. तिची पांचवी आवृत्ति २०१७ सालीं निघाली. (तयार प्रोग्रामच्या सांच्याचें नांव एल्फ, म्हणजे तिकडील गोष्टींतला यक्षासारखा प्राणी, त्याच्या जोडीस ड्वॉर्फ, म्हणजे बुटका! या विद्वानांस थट्टेचें भारी वेड.) टिपणांत नांवापुढें पत्ता लिहितात, ज्यास पत्ता नाहीं त्याच्यापुढें थेट किंमत लिहिण्याचीही सोय आहे.

लहान पूर्णांकापुरतें हें सोपें. परंतु आधींच मोजलेलें उत्तर अपूर्णांक असेल, आंकड्यांची रांग असेल किंवा अनेक घटकांची गुंतागुंतीची रचनाही असेल. क्लँग नांवाच्या कंपायलरनें पोटांत अशा प्रत्येक जातीसाठीं निराळा सांचा राखिला आहे. रांगेचा सांचा मोठा मौजेचा: हजार घरांपैकीं पहिलीं तीनच भरलेलीं असलीं तर तीं तीन लिहावयाचीं, आणि बाकीच्यांसाठीं एकच नमुना ठेवावयाचा. उत्तर म्हणजेच दुसऱ्या कोणाचा पत्ता असला तर पंचाईत अधिक, कारण खरे पत्ते अजून ठरलेलेच नसतात. तेव्हां "अमक्या वस्तूच्या आरंभापासून इतकें अंतर" असें मांडतात, जसें आपण "रामाच्या देवळापासून तिसरें दार" म्हणतों. पोटांतलें हें सारें वैभव टिपणांत उतरतेंच असें नाहीं. न उतरल्यास डिबगर किंमत सांगतां येत नाहीं असें स्वच्छ कळवितो. तें उत्तर आम्हांस कधीं अप्रिय वाटलें नाहीं. आमची फजिती झाली ती त्यानें उत्तर दिलें म्हणून.

कांहीं वर्षांपूर्वीं एका पतसंस्थेच्या व्याजाचा प्रोग्राम आमच्याकडे होता. तो मूळचा अमेरिकन चालीचा. तिकडे कित्येक कर्जांच्या व्याजास वर्ष ३६० दिवसांचें धरतात. आपल्याकडे ३६५ चें. आम्हीं तो स्थिरांक बदलला. पुढें एका कर्जदार बाईंनीं कागदावर हिशेब मांडून आणला. एक लाख रुपये, दरसाल दर शेंकडा ८, दिवस ९०: व्याज १,९७२ रुपये ६० पैसे यावें, पावतीवर होते बरोबर २,०००. आंकडा इतका सुबक, कीं तोंवर कोणास संशयच आला नव्हता. त्याच पावतीवर "वर्षाचे दिवस ३६५" असेंही छापलेलें!

आम्हीं डिबगर लावला, पावती छापणाऱ्या भागांत प्रोग्राम थांबविला आणि वर्षाचे दिवस विचारले. उत्तर आलें ३६५. स्थिरांक बरोबर, तेव्हां व्याजाची आंकडेमोड सांभाळणाऱ्या तरुण सहकाऱ्याचाच दोष, असें आम्हीं ठरविलें. त्यास चारचौघांत बोललों. वरिष्ठांस पत्रही धाडलें. "सर, ती ओळ मी बदललेलीच नाहीं," एवढेंच तो म्हणाला. आम्हीं तें कानाआड केलें.

रात्रीं जेवणें झाल्यावर हें सर्व सूनबाईस सांगितलें. तीही याच धंद्यांतली. तिनें शांतपणें विचारलें, "मामंजी, आपण हा प्रश्न कोठें उभे राहून विचारलात?"

आम्हांस प्रश्नाचा रोख कळेना. मग तिनें समजावून दिलें. असा स्थिरांक ज्या ज्या फाइलींत येतो, त्या प्रत्येकीची प्रत आपापली. नांव एक, टिपणें अनेक. डिबगर ज्या फाइलींत थांबला असेल तिचें टिपण आधीं पाहतो. पावतीची फाइल नव्यानें कंपाइल झालेली; व्याजाची मात्र जुन्याच तयार संचांतून जोडलेली असावी.

दुसऱ्या दिवशीं व्याजाच्या भागांत थांबून तोच प्रश्न केला. उत्तर आलें ३६०. स्थिरांकाची मूळ ओळ पडद्यावर काढून पाहिली, तर तींत स्वच्छ ३६५; कारण ओळ आजची फाइल उघडून दाखविली जाते आणि किंमत जुन्या टिपणांतून वाचली जाते. लिहिलेली फाइल प्रोग्रामहून नवी असल्यास जीडीबीसारखा डिबगर सावध करतो खरा. पण आम्हीं सर्व भागांची जोडणी मागाहून केल्यामुळें प्रोग्राम फाइलीहून ताजा ठरला, आणि तो इशाराही मिळाला नाहीं. डिबगर दोन्ही वेळां खरेंच बोलला होता.

जुना संच पुन्हां न बांधण्याचा निर्णय कोणाचा, हें शोधावें लागलें नाहीं. दोन तास वांचावे म्हणून तो आम्हींच घेतला होता.

कर्जदार बाईंस २७ रुपये ४० पैसे परत मिळाले, आणि इतर खात्यांचे हिशेब नव्यानें करण्यांत आठवडा गेला. आम्हीं त्या तरुणाची चारचौघांतच क्षमा मागितली आणि वरिष्ठांस दुसरें पत्र लिहिलें. तें पहिल्याहून बरेंच लहान झालें, पण लिहावयास दुप्पट वेळ लागला. सूनबाईचा प्रश्नही त्यास सांगितला. तो आमच्याशीं आजही अदबीनेंच बोलतो, मात्र आम्ही एखादी गोष्ट फार ठासून सांगूं लागलों, कीं हळूच विचारतो, "सर, आपण कोठें उभे आहांत?"