ताटातली साखर, त्वचेतली साखर

बदलीमुळे चंडीगडला येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबाला पहिलाच हिवाळा दोन गोष्टी दाखवतो. एक, टाचा उलतात, गाल खरखरीत होतात. दुसरी, तिथे थंडीत गोड खायला निमित्त लागत नाही. गाजरेला, पिन्नी, गजक, रेवडी! घरच्या गृहिणीच्या एका हातात 'हायल्युरॉनिक'वाल्या क्रीमची बाटली असते, तर दुसऱ्या हातात गाजरेल्याची वाटी. गंमत अशी, की दोन्हींच्या मुळाशी साखरच आहे.

१९३४ साली न्यूयॉर्कमध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गुरांच्या डोळ्यातील पारदर्शक द्रवातून हायल्युरॉनिक आम्ल वेगळे केले. माणसाच्या अंगात ते जेमतेम १५ ग्रॅम. त्यातले निम्मे त्वचेत. पाणी धरून ठेवणे हे त्याचे काम. दोन प्रकारच्या साखरेचे मणी एकाआड एक ओवलेली ही लांबच लांब माळ. दोन्ही मणी पेशी ग्लुकोजपासूनच घडवते. रोज साधारण एकतृतीयांश माळ मोडते आणि नव्याने ओवली जाते.

मग भरपूर साखर खाल्ली की कांती तुकतुकीत होईल? तसे होत नाही. निरोगी माणसाच्या रक्तात पेशींपुरते ग्लुकोज असतेच. ते भात-पोळीतूनही मिळते. शिवाय सगळ्या साखरा सारख्या नव्हेत. मॅनोज नावाच्या साध्या साखरेने त्वचेच्या पेशींतील या माळेची निर्मिती उलट घटते, असे फिनलंडच्या संशोधकांना २००८ साली प्रयोगशाळेत आढळले.

खरा धोका वेगळाच. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली, की ती त्वचेतल्या कोलॅजेनला चिकटते आणि त्वचा ताठर होते. काही मधुमेहींना तर नमस्कार करताना दोन्ही तळवे पुरते जुळवता येत नाहीत. डॉक्टर ही खूण आवर्जून पाहतात.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे २०११ साली प्रसिद्ध झालेले आकडे बोलके आहेत. मधुमेही प्रौढांचे प्रमाण महाराष्ट्रात ८.४ टक्के, तर चंडीगडमध्ये १३.६ टक्के.

साखरेचे खाणार त्याला देव देणार, ही म्हण खरी; पण अति तेथे माती, हीसुद्धा आपलीच. हिवाळ्यात कढत पाण्याऐवजी कोमट पाण्याने अंघोळ करावी, अंग ओलसर असतानाच तेल किंवा क्रीम लावावे, गोडाची वाटी लहान ठेवावी. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची रक्तातली साखर वेळेवर तपासून घ्यावी. त्यांचे जोडलेले हात पुढेही नीट जुळत राहावेत, यासाठी एवढे करायलाच हवे.