अँड न्यूऽऽऽ!

डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्ड्स ज्यांनी मधल्या सुट्टीत खेळलीत त्यांना अंडरटेकर कोण हे सांगायला नको. पण हॉवर्ड फिंकल? "हा कोण बुवा? याचं कार्ड नव्हतं माझ्याकडे!" इति आमचा दादा. बरोबरच आहे. हा माणूस कुस्तीवाला नव्हताच. टक्कल, मिशी, काळा सूट, हातात माईक. रिंगमध्ये उभं राहून दुसऱ्यांची नावं पुकारायची, बस्स, एवढंच काम!

फिंकलचा जन्म १९५० चा, अमेरिकेतल्या न्यूअर्क शहरातला. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने पहिल्यांदा माईक धरला आणि मग मरेपर्यंत कंपनी सोडली नाही. आजकाल दोन वर्षांत जॉब बदलणाऱ्या आपल्या सीनियर्सना हे पटायचं नाही... असो.

टीव्हीवर आपल्याला कॉमेंटेटर ऐकू येतो. हॉलमध्ये बसलेल्यांना तो ऐकू येत नाही. तिथे आवाज एकच, अनाउन्सरचा. त्याची पद्धत ठरलेली: आधी गाव, मग वजन, नाव सगळ्यात शेवटी. गाव ऐकलं की लोक ओळखतात, ओरडायला लागतात, आणि नाव येईपर्यंत छप्पर उडायची वेळ! पण फिंकलची खरी कमाल एका छोट्याशा शब्दात होती. चॅम्पियन हरला की तो जिंकणाऱ्याला 'अँड न्यूऽऽऽ' म्हणून पुकारायचा. २३ जानेवारी १९८४ ला हल्क होगनने आयर्न शीकला हरवलं, तेव्हाही गार्डनमध्ये माईक याच्याच हातात होता.

आता तुम्ही म्हणाल, निकाल तर आधीच ठरलेला असतो, मग एवढं काय? मान्य. पण मला वाटतं म्हणूनच ते महत्त्वाचं. नुसता पट्टा या हातातून त्या हातात गेला तर ते नाटकच. तो 'न्यू' कानावर पडला की लोकांना ते खरं वाटायचं.

मला हे पटतं, कारण आमच्या कॉन्व्हेंटमध्ये हजेरी इंग्लिश स्पेलिंग वाचून व्हायची आणि दहा वर्षं मी 'रुटूजा' होते. ऋतुजा म्हटलं की वाटायचं, ही कोण नवीन मुलगी? म्हणून गेल्या गॅदरिंगला बक्षीस समारंभाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आल्यावर मी आधी सगळ्या विजेत्यांना गाठून नावं नीट विचारून घेतली. मेकॅनिकलचा एक पठ्ठ्या हसला, "अगं, काहीही म्हण." पण स्टेजवर पूर्ण नाव स्पष्ट घेतलं तेव्हा स्वारी शर्ट नीट करून वर आली!

पुढे नवीन अनाउन्सर आले, फिंकल रिंगमध्ये क्वचित दिसू लागला. २००९ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. २०११ च्या सर्व्हायव्हर सिरीजला, त्याच गार्डनमध्ये, सीएम पंकचं नाव पुकारायला फिंकल आला. चेहरा दिसताच लोकांनी जो गलका केला, तो एखाद्या पैलवानालाही मिळणार नाही.

१६ एप्रिल २०२० ला तो गेला, ६९ व्या वर्षी. 'रेसलमेनिया' हे नाव त्यानेच सुचवलेलं. त्या वर्षीचा रेसलमेनिया जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी दाखवला होता. करोनामुळे हॉलमध्ये एकही प्रेक्षक नव्हता. अनाउन्सरने नावं मात्र नेहमीसारखीच पुकारली, रिकाम्या खुर्च्यांसमोर.