चार-सहा पावलं

शेकाटे या पाणपक्ष्यांच्या मीलनाचे फोटो हल्ली पुष्कळ पाहायला मिळतात. मादी मान पुढं ताणून उथळ पाण्यात निश्चल उभी, नर तिच्या पाठीवर पंख फडफडवत तोल सावरतोय, खाली दोघांची उलटी प्रतिबिंबं. फोटो सुरेखच असतात, पण एक झाकावा नि दुसरा काढावा. त्यानंतरचा क्षण मात्र क्वचितच कुणाकडे असतो. नर खाली उतरतो, मादीला खेटून उभा राहतो, दोघांच्या चोची एकमेकींवर आडव्या येतात, नराचा एक पंख मादीच्या पाठीवर पसरलेला असतो आणि तशीच ती जोडी चार-सहा पावलं चालते. सप्तपदीसुद्धा पुरी होत नाही. मग दोघं दोन दिशांना जाऊन चिखलात किडे वेचू लागतात, जणू ओळखपाळखच नाही.

ही पावलं हुकतात याचं कारण साधं आहे. नेमक्या त्या वेळी छायाचित्रकाराची मान खाली असते. मीलन नीट आलंय का, हे तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत असतो.

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीपासून जवळच, तेरणा नदीवर, माकणीचं धरण आहे. सरकारी कागदांत ते निम्न तेरणा प्रकल्प. एप्रिल-मेमध्ये अशा धरणांचं पाणी मागं सरतं, फुगवट्याच्या कडेला काळ्या मातीचा ओला पट्टा उघडा पडतो आणि शेकाट्यांना हवी असते ती नेमकी हीच जागा: घोटाभर पाणी, त्यात किडे, समोर मोकळं रान. बाहेरच्यांना किल्लारी म्हटलं की ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट आठवते, दगडमातीच्या माळवदांखाली गाडली गेलेली माणसं आठवतात. अधिकृत आकडाच आठ हजारांच्या आसपास आहे, तेव्हा आठवणारच. धरणातल्या पाण्याच्या भारानं तो भूकंप ओढवला का, यावर भूशास्त्रज्ञांनी बरीच वर्षं वादही घातला. पण एखाद्या गावाला एकाच तारखेवरून ओळखणं हा त्या गावावर अन्याय आहे. इथल्या तळ्याकाठी मे महिनाही असतो.

आणि मे महिना म्हणजे झळा. ‘मोठी लेन्स लावली की लांबूनही जमतं’ असं शहरातला दुकानदार सांगतो, ते मराठवाड्यात सकाळी नऊपर्यंतच खरं. त्यानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरायला लागते. सहाशे मिलिमीटरची लेन्स पक्ष्याबरोबर ती थरथरही तितकीच मोठी करून दाखवते. शेकाट्याचा लालभडक डोळा काठ विरघळल्यागत येतो, पायांच्या नागमोडी रेघा होतात. कितीही महागडा कॅमेरा असो, मधली हवा त्याला पुसता येत नाही. उपाय एकच, मधलं अंतर कमी करणं. म्हणजे चिखलात पोटावर पडणं, कॅमेरा वाळूच्या पिशवीवर टेकवणं, अंगावर मातकट कापड ओढणं आणि पक्षी आपणहून जवळ येईपर्यंत गप्प राहणं. म्हशी घेऊन आलेला गुराखी वर उभा राहून विचारतोच, “काय काढलालाव ओ इतका येळ?” गंमत म्हणजे त्या गुराख्याला शेकाटे बिचकत नाहीत. तो रोजचा आहे. बिचकतात ते पडून असलेल्या माणसाला.

रोजचं दिसण्याची ही युक्ती सर्वांत टोकाला नेली ती इंग्लंडमधल्या कीर्टन बंधूंनी. रिचर्ड आणि चेरी हे यॉर्कशरच्या डोंगराळ भागातले भाऊ. लहानपणीच्या अपघातामुळे रिचर्ड लंगडत चाले. तो लिहायचा, चेरी फोटो काढायचा. १८९५ साली त्यांचं पक्ष्यांच्या घरट्यांवरचं पुस्तक आलं. निव्वळ छायाचित्रांनी सजलेल्या पहिल्या निसर्गपुस्तकांत त्याची गणना होते. कॅमेरा लाकडी, आत काचेच्या प्लेटा, एका वेळी एकच फोटो. लांबून काढायची सोयच नव्हती, त्यामुळे पक्ष्यापाशी जाऊन बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. या भावांनी मग बैल केला. खराखुरा बैल! हलक्या सांगाड्यावर बैलाचं कातडं चढवायचं, आत माणूस आणि कॅमेरा, लेन्ससाठी पुढच्या बाजूला भोक. हा बैल माळावर उभा करायचा आणि आत वाकून तासन्‌तास वाट बघायची. चरणाऱ्या गुरांची सवय असलेल्या पक्ष्यांना त्याचं काहीच वाटत नसे. आतल्या माणसाला मात्र वाटे. उकाडा, अवघडलेली पाठ, कातड्याचा वास. एकदा रिचर्डला आत घेरी आली आणि बैल आडवा झाला. पुढं त्यांनी कातड्याची मेंढीही करून पाहिली. बैलच त्यांच्या नावाला चिकटला.

ही हकिगत वाचणाऱ्या लातूरकराच्या मनात पहिला प्रश्न येणार तो जातीचा. बैल कुठला घ्यावा? लाल कंधारी देखणा खरा, पण काळ्या रानात लांबूनच उठून दिसेल. देवणी बरा: पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, शेकाट्यांच्याच रंगातला. शिवाय गायबगळे येऊन पाठीवर बसले की सोंग बेमालूम वठलं असं समजावं. उन्हाळा म्हणजे गायबगळ्यांचेही रंगायचे दिवस. डोकं, मान आणि पाठ नारिंगी होते, एरवीचा पांढराफटक बगळा ओळखू येत नाही. अडचण एवढीच की ट्रॅक्टर आल्यापासून तळ्याकाठी चरणारा बैलच दुर्मीळ होत चालला आहे. आता सोंग घ्यायचं तर म्हशीचं घ्यावं लागेल, आणि मे महिन्यात म्हशीच्या काळ्या कातड्यात बसायची तयारी कीर्टनांचीही झाली नसती.

जवळ गेल्यावर काय दिसतं? आधी काहीच नाही. मादी चरत असते. मग ती अचानक थांबते, मान आणि पाठ पाण्याला समांतर धरते आणि पुतळा होते. हा होकार. नर तिच्या मागून अर्धं वर्तुळ घेत एका बाजूला येतो, चोच पाण्यात बुडवून थेंब उडवतो, छातीची पिसं घाईघाईनं साफ केल्यासारखं करतो, परत फिरून दुसऱ्या बाजूला. पुन्हा थेंब, पुन्हा पिसं. प्रत्येक फेरीगणिक वेग वाढतो. सकाळचं ऊन तिरपं असताना ते थेंब सुटे सुटे दिसतात. मीलनापेक्षा या फेऱ्या जास्त बघण्याजोग्या आहेत. मीलन काही सेकंदांचं, आणि दिसायला जरा अवघडलेलंच.

या सगळ्याला ‘नाच’ म्हणायची पद्धत प्राणिशास्त्रज्ञ ज्यूलियन हक्सलेच्याही आधीपासूनची असेल, पण तो नाच पायरी-पायरीनं लिहून काढण्याचं मोठं काम त्याचं. १९१२ च्या वसंतात सुट्टी काढून तो लंडनजवळच्या ट्रिंगच्या तलावांवर गेला आणि तुरेवाल्या मोठ्या टिबुकल्यांचं प्रियाराधन दुर्बिणीतून न्याहाळत बसला. चोचीत पाणवनस्पती धरून छातीला छाती भिडवून पाण्यात उभी राहणारी जोडी त्याच्या १९१४ च्या निबंधामुळे प्राणिशास्त्रात अजरामर झाली. त्याआधी हेच पक्षी बायकांच्या टोप्यांसाठी इतके मारले गेले होते की इंग्लंडात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. आपल्याकडे ही मोठी टिबुकली हिवाळी पाहुणी. बारमाही असते ती छोटी. पावसाळ्याच्या तोंडावर तिची मान तांबूस होते, चोचीच्या मुळाशी पिवळट ठिपका उजळतो आणि नर-मादी मिळून एक लांबलचक खिदळती तान घेतात. तिचा फोटो काढणं हे निराळंच दुखणं. बटण दाबलं की ती पाण्याखाली, आणि फोटोत नुसती वर्तुळं.

शेकाटे त्या मानानं उदार. पण त्यांना खरा धोका मीलनानंतर सुरू होतो. अंडी उघड्यावर, चिखलाच्याच रंगाची, ठिपकेदार. वळवाच्या पावसानं पाणी चढू लागलं तर शेकाटे खाली काड्या-खडे घालून घरटं उंच करतात. बुटाखाली आलेल्या अंड्यांना मात्र इलाज नाही. आईबाप उठून गेले की मेच्या उन्हात अंडी लवकर तापतात, म्हणूनच ते पोटाची पिसं भिजवून आणून अंड्यांवर बसतात. अनेक छायाचित्रस्पर्धांनी घरट्यांचे फोटो बाद केले ते योग्यच झालं. प्रियाराधन हवं तेवढं टिपावं, घरटं त्यांच्यावर सोडावं.

माकणीला काय किंवा दुसऱ्या कुठल्या तळ्यावर काय, उजाडायच्या आत जाऊन बसावं, सूर्य पाठीशी ठेवावा आणि नर खाली उतरल्यावर पडद्याकडे न बघता बटण दाबूनच ठेवावं. आणि शेकाटे डोक्यावर घिरट्या घालत किरकिर ओरडू लागले, तर अंडी जवळपास आहेत असं समजून, पायाखाली नीट बघत, आल्या वाटेनं मागं फिरावं.